जानेवारीतला गोल्फ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या वर्षीचा, हे सांगताना माझी गल्लत होते आणि बायको ती दुरुस्त करते. २००५ च्या जानेवारीतला तो आठवडा मात्र वार आणि वेळेसकट लक्षात आहे, कारण त्या आठवड्यात माझ्या हातून एक माणूस मरता मरता राहिला. ‘माझ्या हातून’ हे शब्द मी विचार करूनच लिहितो आहे.

मी मूळचा सांगलीचा. दहावीनंतर वडिलांबरोबर मिशिगनला आलो. ते मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आणि मुलगा पोलीस होणार म्हटल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा डिटेक्टिव्ह म्हणून. खात्यात मराठी मी एकटाच. या हकिगतीत नाव मात्र कुणाचंच येणार नाही, कारण यातल्या माणसांनी जे भोगलं ते नाव बाहेर येईल या भीतीपायीच.

आमच्या गावात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपन्या बऱ्याच. तिकडचे इंजिनिअर चार-पाच वर्षांसाठी बायकामुलांसह यायचे आणि मुदत संपली की परत जायचे. मुलांचं जपानी मागे पडू नये म्हणून दर शनिवारी त्यांची वेगळी शाळा भरायची, सकाळी नऊ ते दुपारी तीन. त्यांच्या गल्ल्यांमधून आम्हाला वर्षानुवर्षं एकही फोन येत नसे. भांडण नाही, मोठ्याने गाणी नाहीत, कुत्र्यावरून कटकट नाही. आम्ही स्टेशनवर त्याचं कौतुक करायचो. फोन न करणारी माणसं सुखीच असतील असं आम्ही धरून चाललो होतो, आणि ते चूक होतं.

केसची सुरुवात झाली आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. रविवारची दुपार, आत तिळगूळ आणि हळदीकुंकू, बाहेर शून्याच्या खाली पंधरा. मी दुसऱ्या लाडवाला हात घालणार तोच एका तिशीतल्या मुलाने मला कोट अडकवायच्या खोलीत बोलावलं. नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, एका जपानी कंपनीत कामाला. एरवी मंडळात माईक सोडत नसे. त्या दिवशी तो कुजबुजत बोलत होता.

“काका, एक विचारायचं होतं. पोलिसांना लिहून दिलेलं स्टेटमेंट कॅन्सल करता येतं का?”

“कुणी दिलंय?”

“मी. म्हणजे आम्ही पाच जणांनी. पण मी दोनच ओळी लिहिल्या हो. त्या चौघांनी पानंच्या पानं भरली.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या कंपनीतले चार जपानी इंजिनिअर दर शनिवारी मुलांना शाळेत सोडून एकाच्या घरी जमत आणि पोकर खेळत. पैसे लावत, पण किरकोळ. यजमान इंजिनिअरची बायको शनिवारी शाळेत मदतीला जायची, म्हणून घर मोकळं. नागपूरकर त्यांच्यात कसा शिरला, तर एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने पत्ते असे पिसले की ते बघतच राहिले. पडदे ओढलेले, पायात सपाता, आवाज दबका. घरी प्रत्येकाने एकच सांगितलेलं, आम्ही गोल्फच्या सरावाला जातो.

“जानेवारीत गोल्फ?” मी विचारलं.

“तेच ना यार, सॉरी, काका. प्रत्येकाच्या डिकीत गोल्फची बॅग. बर्फात.”

मला हसू आलं, हे कबूल करतो. त्या दिवसांत टीव्हीचं बटण दाबलं की पोकर दिसायचा. अमेरिकेत ज्याच्या त्याच्या तळघरात शुक्रवारी हिरवं कापड पसरलेलं असायचं, आमच्या खात्यातले निम्मे लोक खेळायचे. कायद्यात काही का लिहिलेलं असेना, घरगुती डावासाठी आम्ही कधी कुणाचं दार वाजवलं नव्हतं. चार पत्त्यांसाठी एवढं घाबरायचं, असं मी त्याला म्हणालो सुद्धा.

“तुम्ही नाही वाजवलं, पण वाजवलं ना कुणीतरी,” तो म्हणाला. “दोन आठवड्यांपूर्वी. उंच माणूस, मिशा, कोट, कमरेला बॅज. म्हणाला, डिटेक्टिव्ह आहे, तक्रार आलीय. कुणाला अटक नाही केली. म्हणाला, काय काय खेळलात, किती दिवस, कुठल्या कंपनीत आहात, सगळं हाताने लिहा आणि खाली शिक्का मारा. शिक्का नसेल तर अंगठा. त्या घरी लाल शाई होती. सगळ्यांनी अंगठे दिले, काका. डॉक्टरेट झालेली माणसं.”

“कुठल्या खात्याचा होता?”

“तुमच्याच.”

माझं हसू तिथेच थांबलं. आमच्या खात्यात डिटेक्टिव्ह सहा. त्यांतल्या दोघांना मिशा होत्या. आणि अशी कुठलीही तक्रार, असा कुठलाही जबाब माझ्या पाहण्यात नव्हता.

पुढचं आणखी वाईट होतं. हा माणूस आता यजमान इंजिनिअरला फोन करत होता. कागद परत हवे असतील तर कंपनीतल्या एका नव्या पार्टची ड्रॉइंग्ज आण, नाहीतर कागद तुझ्या साहेबाच्या टेबलावर जातील. येत्या शनिवारपर्यंत मुदत. इंजिनिअरने हे फक्त नागपूरकराला सांगितलं होतं, तेही मान खाली घालून.

सोमवारी सकाळच्या हजेरीला मी माझ्या दोन मिशीवाल्या सहकाऱ्यांकडे बघत उभा होतो. एकाच्या मुलीच्या लग्नात मी जेवलो होतो. दुसऱ्याने एकदा माझा जीव वाचवला होता. तरी मी बघत होतो, आणि माझी मलाच शरम वाटत होती. हजेरी संपल्यावर लेफ्टनंटच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं. तो पेन्सिल फिरवत बसला. “आपल्यातला असेल तर देव आपलं भलं करो,” म्हणाला. “नसेल तर लवकर शोध. आधी त्या इंजिनिअरला गाठ.”

आणि मग मी ती चूक केली. इंजिनिअरला कंपनीत गाठलं तर बोभाटा होईल, म्हणून त्याच्या घरी गेलो. मोठं शहाणपण केल्यासारखं वाटत होतं. साधे कपडे, दारात बूट काढले, बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. नवरा कामावर आहे एवढं कळलं. मी खिशातून माझं कार्ड काढलं, वर खात्याचं सोनेरी चिन्ह, आणि जपानी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी त्यांना दिलं. “कॉल मी,” म्हणालो. हसून म्हणालो. त्यांनी कार्ड घेतलं, वाचलं आणि तीनदा वाकल्या. तिसऱ्यांदा वर आल्या तेव्हा चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मला वाटलं, परक्या माणसाला बिचकल्या असतील. गाडीत बसून मी पुढच्या कामाला लागलो.

दिवसभर फोन आला नाही. मंगळवारी सकाळी साडेनवाला आला तो नागपूरकराचा.

“काका, तो आला नाही ऑफिसला.”

“उशीर झाला असेल.”

“तो पाच मिनिटंसुद्धा लेट होत नाही. त्याचा डेस्क साफ आहे. ड्रॉवर्स रिकामे. की-बोर्डवर फक्त एक पाकीट ठेवलंय, मॅनेजरच्या नावाचं. मी उचललं ते. कुणी यायच्या आत उचललं. चूक केली का?”

“नाही. उघडू नकोस. कुणाला सांगू नकोस.”

घरी जाऊन मी काय करून बसलो होतो, ते मला त्या क्षणी पुरतं कळलं नव्हतं, पण अंदाज आला होता. जपानी शाळेतल्या एक शिक्षिका आम्हाला अधूनमधून दुभाषी म्हणून मदत करायच्या, पन्नाशीच्या, शांत बाई. त्यांना गाडीत घेतलं आणि पुन्हा त्या घरी गेलो.

बाई दारातच होत्या, जणू कालपासून तिथेच उभ्या. माझं कार्ड जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलेलं होतं. मी विचारलं, ते कुठे आहेत. शिक्षिकेने भाषांतर केलं. उत्तर आलं, “आपल्याला फार त्रास दिला, क्षमा करा.” मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज चढला आणि बाई जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. शिक्षिकेने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

“तुम्ही जरा मागे व्हा,” त्या म्हणाल्या. मी मागे झालो.

त्या बाईंच्या शेजारी खाली बसल्या. बरंच बोलणं झालं, हळू आवाजात. मध्ये ‘पोकर’ हा शब्द आला तेव्हा शिक्षिकेनेही आवाज आणखी खाली आणला. घरात आम्ही तिघंच होतो, तरी.

“यांना वर्षभर माहीत आहे,” शिक्षिका मला म्हणाल्या. “गोल्फच्या काठ्यांवरचं प्लास्टिक कधी निघालंच नाही. ह्या दर शनिवारी बॅगेवरची धूळ पुसून ठेवत होत्या, कुणी विचारलंच तर वापरलेली दिसावी म्हणून.”

“मग एवढं भ्यायचं काय?”

“तुम्हाला वाटतं आम्ही जुगार खेळत नाही. खेळतो. लोखंडी गोळ्यांची पाचिंको नावाची यंत्रं असतात, त्यांची दुकानं तर भर रस्त्यावर आहेत. घोड्यांच्या शर्यती आहेत. साहेबाबरोबर माहजाँगच्या सोंगट्या खेळल्या तर उलट चांगलं दिसतं. पण पैसे लावून पोकर म्हणजे गुंडांच्या अड्ड्यावरची गोष्ट. तिथे पोलीस येतात, पेपरात नाव येतं, कंपनीचंही नाव येतं. तिथे माणूस एकटा पकडला जात नाही, अख्खं घर पकडलं जातं. तो बॅजवाला माणूस घरी आला तेव्हा यांना काही कळलं नव्हतं, नवरा ते पोटात घालून जगत होता. काल तुम्ही यांच्या हातात कार्ड दिलंत. घराला कळलं. त्याच्या दृष्टीने सगळं संपलं.”

मी टेबलावरचं माझं कार्ड उचलून खिशात घातलं.

तेवढ्यात बाई उठून गॅरेजकडे गेल्या आणि दारातच थबकल्या. गोल्फची बॅग जागेवर नव्हती. मंगळवार होता. मी शिक्षिकेला म्हणालो, विचारा, कुठल्या गोल्फ कोर्सवर जातो म्हणून तो सांगत होता? बाईंनी लगेच नाव सांगितलं. वर्षभर ऐकलेलं खोटं त्यांना पाठ होतं.

तो कोर्स तळ्याकाठी, आमच्यापासून बारा मैलांवर, नोव्हेंबरपासून बंद. वायरलेसवर मदत मागितली आणि मी निघालो. सबंध रस्ता मी मनातल्या मनात मारुतीस्तोत्र म्हणत होतो. लहानपणी पाठ केलेलं, पुढे वीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. मध्येच ओळ विसरायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

कोर्सच्या आवारात बर्फावर एकाच गाडीच्या चाकांची खूण होती. आत गेलेली, बाहेर न आलेली. गाडी नीट आखलेल्या जागेत लावलेली होती, बर्फाखाली रेषा दिसत नसतानाही सरळ. आत कुणी नव्हतं. बसायच्या जागेवर कोट घडी करून ठेवलेला. आणि दाराशी, बाहेर, बुटांचा जोड, जुळवून ठेवलेला, टाचा गाडीकडे. पुढे बर्फात पावलं उमटली होती. बुटांची नव्हे, नुसत्या मोज्यांची. ती तळ्याच्या दिशेने जात होती.

मी प्रेतं पाहिलेली आहेत. मला कशाची भीती वाटत नाही असा माझा समज होता. मी त्या पावलांच्या शेजारून चालत गेलो. प्रत्येक पावलाला वाटे, आता पुढे तळ्याचं पाणी आणि फुटलेला बर्फ दिसेल. वारा एवढा होता की मी मारलेली हाक मलाच ऐकू येत नव्हती.

पावलं तळ्यापाशी गेली, तिथे घुटमळली आणि परत फिरली. सरावाच्या जागी एक लाकडी आडोसा होता, त्यातल्या बाकावर तो बसला होता. सूट, टाय, शेजारी गोल्फची बॅग. बराच वेळ तो गाडीतच बसून होता हे नंतर कळलं, त्यामुळेच वाचला. ओठ निळे पडले होते. मला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तेव्हा बसूनच वाकला. मग दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढे केली.

बेड्या घालायला.

मी माझे हातमोजे काढले आणि त्याच्या हातांत चढवले. बोटं वाकत नव्हती, एकेक बोट घालावं लागलं. मी मराठीत काहीतरी बोलत होतो. काय ते आठवत नाही, पण इंग्रजी नव्हतं एवढं नक्की. अँब्युलन्स येईपर्यंत त्याचे पाय माझ्या कोटाच्या आत पोटाशी धरून बसलो. उजव्या पायाची दोन बोटं पुढे डॉक्टरांना काढावी लागली.

बुधवारी हॉस्पिटलमध्ये जबाब घ्यायला बसलो. शिक्षिका होत्याच. एवढ्या वर्षांत मी शेकडो लोकांची चौकशी केली असेल. लोक खोटं बोलतात, गप्प बसतात, वकील मागतात. गुन्हा कबूल करायला एवढा उतावीळ माणूस मी पाहिला नव्हता. मी विचारायचो त्या मिशीवाल्या माणसाबद्दल, आणि हा सुरू करायचा, “पहिला डाव मी मागच्या जानेवारीत खेळलो.” मी म्हणायचो, त्याचा चेहरा कसा होता? हा म्हणायचा, “माझ्यामुळे चार सहकारी बिघडले.” तासभर मी एका गुन्हेगाराच्या मागे होतो आणि तो मला दुसराच आणून देत होता.

मग मी प्रश्न फिरवला. “त्याने तुम्हाला काय काय करायला सांगितलं, तेवढंच क्रमाने सांगा.”

हे त्याला जमलं. हुकूम पाळल्याचा हिशेब तो बिनचूक देऊ शकत होता. आधी मोबाईल टेबलावर ठेवायला लावले. मग प्रत्येकाला कोरे कागद. आधी घटना लिहा, मग कारण, मग पुन्हा असं होणार नाही याची हमी, शेवटी तारीख आणि शिक्का.

मी लिहिता लिहिता थांबलो. अमेरिकेतला कुठलाही पोलीस जबाबात घटना मागतो. कारण आणि हमी कोण मागतं? आणि शिक्का? इथल्या शंभर पोलिसांना विचारा, जपानी माणसाकडे नावाचा शिक्का असतो हे एकालाही माहीत नसेल. मला तरी कुठे होतं. लिहायला सांगितल्यावर ही माणसं वकील न मागता बसून लिहितील, अशी खात्री असलेला माणूस आमच्या खात्यातला असूच शकत नव्हता. एका दगडाखालून माझा हात सुटला, आणि त्याच वेळी मला रस्ता दिसला.

बाहेर येऊन मी नागपूरकराला फोन लावला. “तुमच्या कंपनीत असं लिहून कधी द्यावं लागतं?”

“हौ. एन्ट्रीचं कार्ड हरवलं की. गेटवर सिक्युरिटीला. आपण लिहितो, लॉस्ट माय कार्ड, बस्स. हे लोक अख्खं पान लिहितात. कार्ड कसं हरवलं, का हरवलं, पुन्हा नाही हरवणार. खाली शिक्का. गेटवरचे गार्ड हसतात त्यांना.”

गुरुवारी मी गाड्यांच्या चोरीचं निमित्त काढून त्या कंपनीच्या सिक्युरिटी प्रमुखाला भेटलो. हरवलेल्या कार्डांची फाईल मागितली. इंग्रजी नावांचे चिटोरे, आणि मधूनमधून हाताने लिहिलेली पूर्ण पानं, कोपऱ्यात लाल गोल शिक्के. पाच वर्षं ही पानं फाईलला लावणारा गार्ड कोण? रात्रपाळीचा, दिवसा येणाऱ्यांनी कधी न पाहिलेला, सप्टेंबरमध्ये काढून टाकलेला, प्रमुख म्हणाला. उंच. मिशा. पूर्वी पोलिसात भरती व्हायचा प्रयत्न करून नापास झालेला.

फोटो मिळाला. इतर पाच फोटोंत मिसळून तो इंजिनिअरपुढे ठेवला, पण तो बघायला तयार होईना. ओळखलं तर त्या माणसाशी वैर, नाही ओळखलं तर माझ्याशी, अशा पेचात तो पांघरुणाकडे बघत राहिला. मी फोटो उचलले. नागपूरकराने तिसऱ्या फोटोवर लगेच बोट ठेवलं आणि ठेवल्यावर घाबरला.

“काका, माझं नाव येईल का? व्हिसा आहे माझा. बायको प्रेग्नंट आहे.”

“येईल,” मी म्हणालो. “साक्षीदार म्हणून.”

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, “लिहा.” पत्त्यांच्या त्या टोळीत शूर कोण असं मला कुणी विचारलं तर मी या मुलाचं नाव सांगेन.

शुक्रवारी दुपारी त्या माणसाचा फोन आला. इंजिनिअर पलंगावर, मी शेजारी, फोन दोघांच्या कानांमध्ये. पलीकडचा आवाज अगदी शांत, दमदार, खात्रीचा. पोलीस म्हणून मी जसं बोलतो तसाच. “उद्या सकाळी पावणेनऊ. शाळेचं पार्किंग. मुलाला सोड आणि पाकीट घेऊन माझ्या गाडीपाशी ये. हुशारी केलीस तर माझी माणसं तुझ्या घरी पुन्हा येतील.” इंजिनिअर म्हणाला, “येस, सर.” मला ती धमकी टोचली. माझ्या भेटीचं भय तो वापरत होता, आणि ती भेट झाली हे त्याला माहीतही नव्हतं.

शनिवारी शाळेच्या आवारात नेहमीसारखी गर्दी होती. मुलं उतरत होती, आया डबे देत होत्या. पांढऱ्या गाडीत तो बसला होता. मी एका बाजूने गेलो, माझा तो मिशीवाला सहकारी, ज्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवलो होतो तो, दुसऱ्या बाजूने. अटकेला मिनिटही लागलं नाही. आवाज झाला नाही, पण पार्किंगमधल्या प्रत्येक बापाने मान वळवली आणि लगेच दुसरीकडे फिरवली. त्यातले तिघे कोण हे मला माहीत होतं. गार्डच्या कमरेला दुकानात मिळणारा बॅज होता, जवळून पाहिला तर मुलाच्या खेळण्यातला वाटावा असा. घरी कपाटात कागद सापडले. काढून टाकल्यापासून तो कंपनीतल्या माणसांवर पाळत ठेवून होता, आणि शाळेपासून त्या घरापर्यंत पाठलाग करून त्याने डाव हेरला होता.

मुद्देमाल म्हणून जमा झालेले कागद मला परत देता आले नाहीत. कोर्टात ते मोठ्याने वाचले जातील या धाकात ती चार कुटुंबं दोन महिने जगली. सरकारी वकिलाने गार्डकडून गुन्हा कबूल करून घेतला, खटला उभा राहिला नाही, कागद वाचले गेले नाहीत. डेस्कवरचं ते पाकीट मी इंजिनिअरला न उघडताच परत दिलं होतं. आता कंपनीला कळायचं काही कारण उरलं नाही, असं मी समाधानाने म्हणालो.

कामावर रुजू झाला त्या दिवशी त्याने स्वतःच मॅनेजरच्या खोलीत जाऊन ते पाकीट दिलं. नागपूरकराने मला हे सांगितलं तेव्हा मी त्याच्यावरच ओरडलो. मॅनेजरने वाचलं आणि म्हणाला म्हणे, “माहजाँग असतं तर मलाही बोलावलं असतंत.” मग मुदतीच्या दीड वर्ष आधी त्याला परत पाठवायचं ठरलं. नोकरी राहिली, बढती गेली.

या केसने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर फार मोठं काही नाही. त्यानंतर मी कुणाच्याही घरी कार्ड ठेवून आलो नाही. गुन्ह्याची शिक्षा कायद्याच्या पुस्तकात असते, तिची भीती मात्र माणूस आपल्या गावाहून बरोबर घेऊन येतो, आणि ती किती मोठी आहे हे मोजायचं माप माझ्याकडे नव्हतं. चार पत्त्यांसाठी एवढं घाबरायचं, असं मी हसून म्हणालो होतो. सांगलीत रमीला चार आणे लावले म्हणून वडिलांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं आणि सबंध आळी बघत होती, ते तेव्हा मला आठवायला हवं होतं.

मार्चच्या शेवटी तो स्टेशनवर आला. काठी टेकत, सूट घालून, सोबत बायको आणि त्या शिक्षिका. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. शिक्षिका म्हणाल्या, “हे विचारताहेत, निघण्यापूर्वी काय लिहून द्यायचं आहे?”

“काही नाही. केस संपली.”

त्यांनी सांगितलं. तो तसाच उभा. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि त्याच्या चेहऱ्यावर तीच तळ्याकाठची भीती दिसली. पोलिसांचं काम कागदाशिवाय मिटतं यावर त्याचा विश्वासच बसेना. उद्या, पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी कुणीतरी दार वाजवेल, असं त्याला वाटत होतं. बाई त्याच्या मागे मान खाली घालून उभ्या होत्या.

मी एक कोरा कागद घेतला आणि लिहायला बसलो. आधी घटना लिहिली, जानेवारीतल्या सोमवारी मी या घरी गेलो आणि काही समजावून न सांगता कार्ड देऊन आलो. मग कारण लिहिलं, मी विचार केला नाही. मग हमी, या गृहस्थांविरुद्ध आमच्या खात्याची कुठलीही तक्रार नाही आणि कुणीही त्यांच्या दारी येणार नाही. तारीख घातली, सही केली. असा कागद द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि लेफ्टनंटने पुढे त्यावरून मला झाडलं.

शिक्षिका एकेक ओळ सांगत गेल्या. तो ऐकत होता, पण त्याची नजर सहीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर होती. माझ्याकडे शिक्का नव्हता. मी उठलो, आरोपींचे ठसे घ्यायच्या टेबलापाशी गेलो, काळ्या शाईत अंगठा बुडवला आणि त्या जागेवर उमटवला.

त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला. वाचला, बायकोला दाखवला आणि दोघंही तिथल्या बाकावर बसली. बराच वेळ बसली. मी त्यांना उठा म्हणालो नाही.

शाई नीट निघाली नाही. संध्याकाळी जेवताना बायकोने अंगठ्याकडे बघून विचारलं, हे काय? मी सांगितलं, आज जबाब देऊन आलो.